राठ दाढी, वस्तरा आणि आठ महिन्यांत निम्मी गळालेली तेलाची बाटली

परवा सकाळी वस्तरा उघडायला घेतला आणि पातं मुठीतून निम्मं बाहेर येऊन अडकलं. ही जोर लावून उघडायची वस्तू नव्हे. पातं जिच्यावर फिरतं त्या खिळीपाशी भिंग धरून पाहिलं तर राळेसारखा पिवळट चिकटा जमलेला. तो चिकटा म्हणजे दाढीआधी लावायचं तेल. दाढीला त्याचा उपयोग होईना, तर वाया कशाला घालवा, म्हणून गेले दोन महिने मीच ते खिळीत सोडत होतो. या बाटलीबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं, तेवढ्यात तिनेच आठवण करून दिली.

माझी दाढी राठ आहे. गालांवर ठीक, पण हनुवटी आणि जबड्याखालचा चार बोटांचा पट्टा म्हणजे तारेचा ब्रश. वस्तऱ्याचं पातं पाच अष्टमांश इंच रुंद, पूर्ण हॉलो ग्राइंडचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेलं. ज्यांनी वापरलाय त्यांना माहीत आहे, हे पातळ पातं मऊ केसांवर छान गातं आणि कडक खुंटावर वाकून उडी मारतं. बाटलीवर लिहिलं होतं की तेलाने राठ केस मऊ पडतात. घेतली.

आधी त्या ड्रॉपरबद्दल. काचेची नळी आणि वर रबरी फुगा. फुगा दाबला की तीन थेंब, सोडला की चौथा बाटलीच्या गळ्यावरून खाली. रोज. बाटलीखाली बशी ठेवली, मग बशीखाली कागद. दुसऱ्या महिन्यात रबर सैल झाला आणि आडवी पडली की बाटली रात्रभर पाझरायला लागली. विक्रेत्याला कळवलं, तर उत्तर आलं की बाटली उभी ठेवावी. उभीच ठेवतो हो, पण ती पडते, कारण तळ तेलाने बुळबुळीत झालेला असतो! एवढं महाग तेल विकणाऱ्याला साधं घट्ट झाकण देता येऊ नये, याचा राग अजून गेलेला नाही. माझ्या हिशेबाने निम्मं तेल दाढीला न लागताच संपलं.

पहिले दोन महिने मात्र मी खूश होतो, हे कबूल करतो. वस्तरा घसरगुंडीवरून जावा तसा जायचा. पण घसरणं आणि कापणं यातला फरक हनुवटीवर आल्यावरच कळतो. दुसरी अडचण फक्त वस्तऱ्याची आहे, साध्या रेझरवाल्यांना ती जाणवणार नाही. वस्तऱ्याला त्वचा ताणून धरावी लागते, पातं साधारण ३० अंशांच्या कोनात, आणि डाव्या हाताची बोटं पक्की. तेलकट गालावर बोटं टिकतच नाहीत. तुरटीच्या खड्यावर बोटं घासून पाहिली, पकड यायची, पण अर्ध्या मिनिटात तेल परत वर. जबड्याच्या कोपऱ्यावर बोट सुटलं आणि मला जी खूण मिळाली ती तीन आठवडे सगळ्यांनी विचारली.

तिसऱ्या महिन्यात वस्तरा केस ओढायला लागला. मी सरळ धारेला दोष दिला. वस्तरा धार लावणाऱ्या एका कारागिराकडे कुरिअरने पाठवला. परत आला तेव्हा हातावरची लव नुसत्या स्पर्शाने उडत होती. तीन आठवड्यांत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा पाठवला, जरा तिखट चिठ्ठी जोडून. त्याने धार न लावताच परत केला, सोबत भिंगातून काढलेले दोन फोटो. मी फोन केला. बराच वेळ मीच बोललो. मग तो म्हणाला, "अहो, पात्याच्या टोकाकडच्या निम्म्या भागालाच कपचे आहेत. बाकी धार तशीच आहे. टोकाने तुम्ही हनुवटीच करता ना? तिथली दाढी भिजत नाहीये तुमची. मी कितीही वेळा दगडावर धरला तरी महिनाभराने तुम्ही मलाच फोन करणार." मी चिडून फोन ठेवला. शिवाय परतीचं कुरिअर माझ्याच खर्चाने!

पोलादाला केस काय करणार, हा माझा मुद्दा होता. नंतर वाचलं की एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याच्या नेमकं उलट दाखवलंय. पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण असूनही त्याच्या कडेचे कपचे उडतात. केस वाकून कडेवर तिरका आला आणि पोलादाची घडण तिथे असमान असली, की एका केसानेही तुकडा निघतो. त्यांनी पाहिली ती फेकून द्यायची पाती होती, वस्तरा नव्हे. तरी कारागिराला मनातल्या मनात नमस्कार केला. फोन करून सांगितलं नाही, तेवढा मोठेपणा माझ्यात नाही.

पाचव्या महिन्यात गीझर बंद पडला. दाढीला गरम पाणी हवंच, असं मी धरून चाललो होतो, म्हणून किटली लावली. ती तापेपर्यंत थंड पाण्याने आणि साबणाने तोंड धुतलं, ओल्या तोंडावरच ब्रशने फेस केला, तो सुकायला लागला म्हणून पुन्हा पाणी मारून फिरवला. तेल विसरलो. किटलीचा अजून पत्ता नव्हता, कंटाळून तसाच वस्तरा लावला. जबड्याखाली पातं गेलं आणि ओढ नाही, खरखर नाही, फक्त बारीक एकसारखा आवाज. मी थांबून आरशात पाहिलं की केस खरंच निघालेत का. निघाले होते.

एका दाढीवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून दोन आठवडे निम्म्या तोंडाचा प्रयोग केला. एका बाजूला कोरड्या दाढीवर आधी तेल, मग पाणी आणि फेस. दुसऱ्या बाजूला साबणाने धुऊन नुसतं पाणी आणि तोच फेस. दर वेळी बाजू बदलायची, कारण उजव्या हाताला उजवा गाल सोपा जातो. वेळ दोन्हीकडे सारखा, घड्याळ लावून तीन मिनिटं. तेलाची बाजू प्रत्येक वेळी हरली, आणि हनुवटीवर तर सपशेल.

कारण साधं आहे, लाज वाटावी इतकं. केस मऊ करतं ते पाणी. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. पाणी आत शिरलं की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात, केस फुगतो आणि वाकायला लागतो. तो आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के पाणी पिऊ शकतो, पण त्याला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. त्वचेचा स्वतःचा तेलकटपणा आधीच त्याची वाट अडवतो आणि मी त्यावर आणखी तेल ओतत होतो. साबण तो तेलकटपणा काढतो, शिवाय अल्कधर्मी असल्याने केस थोडा जास्त फुगवतो. गरम पाण्याने काम लवकर होतं, एवढंच. थंड पाण्यातही होतं, फक्त थांबावं लागतं.

ओळखायचं कसं? ओलं बोट खुंटांवरून उलट्या दिशेने फिरवा. कोरडा खुंट टोचतो. भिजलेला बोटाखाली झुकतो आणि मागून उभा राहतो, ओल्या गवतासारखा. हनुवटीवर हे व्हायला माझ्या घड्याळाने गालापेक्षा मिनिटभर जास्त लागतं.

फेसाचंही मी चुकीचंच करत होतो. जाड, उभा राहणारा फेस म्हणजे चांगला फेस, असं वाटायचं. तो दिसतो छान, पण त्यात हवा जास्त आणि पाणी कमी. केसांच्या उलट दिशेने दुसरा हात फिरवेपर्यंत तो सुकतो आणि खुंट पुन्हा कडक होतात. फेसावर ओलसर चकाकी दिसली पाहिजे, दह्यासारखी. आणि पाणी जड असेल तर साबण फेसाऐवजी चोथाच देतो, कारण कॅल्शियम-मॅग्नेशियम त्याला आधीच गिळतात. मी आता फेसापुरतं वाटीभर फिल्टरचं पाणी घेतो.

गरम टॉवेलबद्दल थोडक्यात: छान वाटतं, दीड मिनिटात गार होतो. साबणाने न धुता ठेवला तर फार उपयोग नाही. फार गरम असेल तर त्वचाही फुगते आणि वस्तरा तिचाच पापुद्रा काढतो.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिणार होतो. मग वाटलं, तेलाला एक संधी उलट्या क्रमाने द्यावी. धुतलं, तीन मिनिटं भिजवलं, मग फक्त कंठाखालच्या भागावर दोन थेंब, बोटांच्या टोकाने, आणि वर फेस. तिथे माझी त्वचा कोरडी आहे, नेहमी लाल होते. नाही झाली. दहा-बारा वेळा केलं, नाही झाली. त्यामुळे माझं मत बदललंय. हे तेल त्वचेसाठी बरं आहे, भिजलेल्या दाढीवर, थोड्याच जागेत, आणि त्वचा ताणायची बोटं तिथून लांब ठेवून. केस मऊ करण्यासाठी मात्र नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो.

चार महिने झाले, वस्तरा दगडावर गेलेला नाही. दाढीआधी चामडी पट्ट्यावर पन्नासेक हात, तेवढ्यावर भागतंय. खिळी मी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या धाग्याने साफ केली, पाऊण तास गेला. आता तिथे खनिज तेलाचा एक थेंब, वनस्पती तेल पुन्हा नाही.

बाटलीत अजून बोटभर उरलंय. बाथरूमच्या दाराची बिजागरी कुरकुरते, आणि काल रात्री मी ड्रॉपर हातात घेऊन तिच्यासमोर उभा होतो. मग खिळी आठवली आणि बाटली परत बशीत ठेवली. आडवी झाली होती सकाळी.