‘घरबसल्या बी.एड.’ मिळवून देणारं ऑफिस: पाचपैकी एक तारा, तोही कोकम सरबताला

सेवा: बी.एड. प्रवेश मार्गदर्शन. ठिकाण: चिपळूण, बाजारपेठेतला दुसरा मजला. नाव लिहीत नाही. अशी ऑफिसं प्रत्येक तालुक्याच्या गावात एखाद-दुसरं असतंच आणि त्यांच्या पाट्याही बदलत असतात, त्यामुळे नाव लिहून उपयोग नाही. तिथे काय सांगतात ते लिहिते, म्हणजे तुमच्या गावातलं तुम्हाला ओळखता येईल.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका. गेले होते माझ्या धाकट्या जावेसाठी. ती बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. गुहागर तालुक्यात एका खासगी इंग्रजी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, महिना नऊ हजारांवर. शिकवते छान, पण बी.एड. नाही. त्यामुळे जून आला की संस्थेचे लोक “मॅडम, तेवढं बघा काहीतरी” म्हणून टोचत राहतात. त्यांचंही अगदीच चुकीचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली होती. तेव्हा एनआयओएस या केंद्राच्या मुक्त शिक्षण संस्थेचा अठरा महिन्यांचा डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका, पूर्वीचं डी.एड.) सरकारच्या स्वयम् पोर्टलवरून लाखो शिक्षकांनी केला. ती खिडकी आता बंद आहे. तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर जाहिरात आली: घरबसल्या बी.एड., हजेरीची अट नाही, नोकरी सांभाळून शिक्षक व्हा. धाकटी म्हणाली, “ताई, तुम्ही चला हो बरोबर. मला त्यातलं काही विचारता यायचं नाही.”

ऑफिस चकाचक. एसी, काचेचं दार, बसायला सोफा, गेल्या गेल्या कोकम सरबत. सरबत घरचं असावं, साखर बेताची आणि जिरं भाजून घातलेलं. त्याबद्दल तक्रार नाही.

समोरचा मुलगा पंचविशीचा, बोलायला गोड. कॅल्क्युलेटरवर आकडा मारून त्याने आमच्याकडे फिरवला: एक लाख दहा हजार. आमचे चेहरे बघून लगेच दुसरा: आज भरलेत तर पंच्याण्णव. यात काय काय? परराज्यातल्या कॉलेजात प्रवेश, परीक्षेला जायचं-यायचं रेल्वेचं तिकीट, तिथे राहायची सोय आणि ‘सबमिशन’. म्हणजे पाठ टाचणं, प्रकल्प, सगळं तेच लिहून देणार. मी विचारलं, “आणि इंटर्नशिप?” तर म्हणे, “मॅडम शाळेत शिकवतातच ना? तेच दाखवू. शाळेचा शिक्का तेवढा आणा.”

नियमित बी.एड. दोन वर्षांचं असतं. शिक्षक-प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एनसीटीईच्या २०१४ च्या निकषांप्रमाणे वर्गातल्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, आणि इंटर्नशिप चांगली वीस आठवड्यांची आहे. हे मी त्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, “कागदावर सगळं असतं मॅडम.” तेच तर म्हणतेय मी. कागदावर सगळं असणार आणि धाकटी गुहागरात असणार.

माहितीपत्रक मात्र बघण्यासारखं होतं. वर ठळक अक्षरांत ‘एनसीटीई मान्यताप्राप्त’. खाली कॉलेजचं नाव, पण ते छापलेलं नव्हतं, पट्टी चिकटवलेली होती. पट्टीचं एक टोक सुटलं होतं. नखाने जरासं ओढलं तर खाली दुसऱ्याच कॉलेजचं नाव, तेही दुसऱ्याच राज्यातलं. त्याला दाखवलं. “ते गेल्या वर्षीचं आहे, छपाईचा खर्च वाचवतो,” म्हणाला आणि अंगठ्याने दाबून पट्टी परत बसवली. पावतीचं विचारलं तर पैसे रोख आणि पावती निकालानंतर.

मग त्याने आपला हुकमी पत्ता काढला. “नाहीतर मुक्त विद्यापीठातून करून देतो. ते तर सरकारीच आहे.” इथे त्याची गाठ माझ्याशी होती. मी स्वतः यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.एड. केलेलं आहे. डी.एड. होऊन शाळेत लागले होते, म्हणून मला ते मिळालं. दूरस्थ बी.एड. मुळात आहेच प्रशिक्षित, सेवेतल्या शिक्षकांसाठी, नाहीतर आधी एखादा मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण कोर्स प्रत्यक्ष वर्गात बसून केलेल्यांसाठी. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचंही तसंच. नुसती बी.एस्सी. आणि चार वर्षांचा अनुभव एवढ्यावर तिथे दार उघडत नाही. आणि दूरस्थ म्हणजे घरबसल्या हा समजही काढून टाका. संपर्क सत्रांना रविवार गेले, मे महिन्याची सुट्टी गेली, आंबे उतरवायच्या दिवसांत मी स्वाध्याय लिहीत होते. सासूबाई अजून ऐकवतात. पण ते माझं आहे, माझ्या अक्षरातलं आहे, कुणीही कधीही तपासावं.

त्याला हा नियम ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. धाकटीच्या पदव्या त्याने पहिल्या मिनिटातच लिहून घेतल्या होत्या.

एक वर्षाच्या बी.एड.चंही गाजर दाखवून झालं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात एक वर्षाचं बी.एड. आहे खरं, पण चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी. तीन वर्षांच्या पदवीला दोन वर्षंच. त्याच धोरणातला चार वर्षांचा एकात्मिक कोर्स (पदवी आणि बी.एड. एकत्र) बारावीनंतरचा आहे, तो धाकटीच्या नव्हे, तिच्या मुलीच्या कामाचा.

अशा ऑफिसांना गिऱ्हाईक का मिळतं, तेही कळतं मला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिक्षक घाटावरून येतात, आंतरजिल्हा बदली झाली की जातात, आणि मागे राहते एकशिक्षकी शाळा. इथली डी.एड., बी.एड. झालेली मुलं तात्पुरत्या मानधनावर शिकवत कायम व्हायची वाट बघतात. जागा समोर दिसतेय आणि आपल्याकडे कागद नाही, असं झालं की माणूस पंच्याण्णव हजार मोजायला तयार होतो. त्यात १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असलेल्या आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायला सांगितलं. ऑफिसच्या भिंतीवर त्याचीही जाहिरात होती, ‘गॅरंटी बॅच’. टीईटीत गॅरंटी कसली? २०१९-२० च्या टीईटीत गैरप्रकार केलेले ७ हजारांहून जास्त उमेदवार पकडले गेले, ते प्रकरण अजून ताजं आहे. मी घरीच बालमानसशास्त्र उघडून बसले आहे. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. बघू.

धाकटीचा रस्ता आम्ही येताना एस.टी.त बसून ठरवला. बी.एड.ची प्रवेश परीक्षा, सीईटी, द्यायची (१०० प्रश्न, ९० मिनिटं) आणि जिल्ह्यातल्याच कॉलेजात दोन वर्षं नियमित बी.एड. करायचं. शाळा सोडावी लागेल. महिन्याचे नऊ हजार बुडतील, पण ते पंच्याण्णव हजार वाचतील. नंतर सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर, त्यात गणित-विज्ञानालाच ६० गुण, म्हणजे तिचं घरचं मैदान. पहिली ते पाचवीचा विचार सोडायचा, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर तिथे बी.एड. चालत नाही, डी.एल.एड.च लागतं. मग टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, दोनशे प्रश्न दोन तासांत, आणि शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. निवड झाली तर आधी तीन वर्षं शिक्षण सेवक, म्हणजे ठरावीक मानधनावरची नेमणूक, १६ हजारांवर. लांबचा पल्ला आहे. तिने नवऱ्याला फोन करून सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग “आईला विचार मुलीला कोण बघणार ते” एवढं आलं. आईंनी संध्याकाळी चहा ओततानाच हो म्हटलं.

जायचंच असेल अशा ठिकाणी, तर तीन प्रश्न विचारा. कॉलेज एनसीटीईच्या यादीत आहे का, आणि ती यादी स्वतः उघडून बघा, त्यांच्या मोबाइलवर नको. हजेरी कोण लावणार? पावती आज मिळेल का? तिसऱ्या प्रश्नालाच बहुतेक काम होतं.

मोबाइल नंबर अजिबात देऊ नका. धाकटीने दिला होता. तेव्हापासून तिला ‘प्रवेशाची आज शेवटची तारीख’ असे मेसेज येतात. परवाही आला. गेल्या महिन्यातही शेवटचीच होती.