खोक्यावरचे बार आणि नळाचं पाणी: गाडी-घरासाठी प्रेशर वॉशर निवडताना

प्रेशर वॉशर, म्हणजे जोरदार फवाऱ्यानं धुणारं यंत्र, बघायला गेलं की पहिला आकडा डोळ्यांत भरतो तो बारचा, म्हणजे पाण्याच्या दाबाचा. ११०, १३०, १५०, कुठे कुठे थेट २००. जास्त बार म्हणजे चांगलं यंत्र असं धरून पैसे मोजले जातात. मग घरी आल्यावर कळतं की नळाला तेवढं पाणीच नाही, पाइप गाडीच्या पलीकडे पोचत नाही आणि वर्षभरात गनची, म्हणजे फवारा मारायच्या पिस्तुलाची, ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) गेली तर गावात ती कुणाकडेच मिळत नाही. घरच्या वापरासाठी बार हा सगळ्यात शेवटी बघायचा आकडा. आधी पाणी बघा, मग मोटर, मग पाइप आणि सुटे भाग.

तरीही खोक्यावरचे आकडे तपासायचेच, आणि त्याला एक साधा हिशेब पुरतो. बार गुणिले ताशी लिटर, भागिले ३६. उत्तर येतं ते पाण्यात उतरलेल्या ताकदीचं, वॅटमध्ये. कार्चर कंपनीच्या के-२ यंत्रावर ११० बार आणि ताशी ३६० लिटर असं लिहिलेलं असतं, म्हणजे ११०० वॅट, आणि मोटर १४०० वॅटची. बॉशच्या ॲक्वाटॅक मालिकेत तर नावातच आकडे आहेत. ३३-११ म्हणजे ताशी ३३० लिटर आणि ११० बार, ३७-१३ म्हणजे ३७० लिटर आणि १३० बार. ३३-११ चं उत्तर १००८ वॅट येतं, मोटर १३०० ची. ३७-१३ चं १३३६ येतं, मोटर १७०० ची. तिन्हींत पाण्याची ताकद मोटरच्या पाऊणपटीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळतात.

आता १८०० वॅटच्या मोटरवर १५० बार आणि ताशी ५१० लिटर असा दावा घ्या. भागाकार येतो २१२५ वॅट. मोटर विजेतून जेवढं घेते त्याहून जास्त पाण्याला देणं कुठल्याच यंत्राला शक्य नाही. इथे खोटेपणा नेमका कुठे असतो? कमाल दाब मोजला जातो तो गन बंद होण्याच्या क्षणाचा आणि कमाल लिटर मोजले जातात ते नोझल पूर्ण मोकळं असतानाचे. दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. म्हणून ‘कमाल दाब’ असं लिहिलं असेल तर शेजारी ‘कार्यकारी’ किंवा ‘रेटेड’ दाब दिलाय का ते शोधा. तो कुठेच दिला नसेल आणि भागाकारही जुळत नसेल, तर ते यंत्र घेऊ नका.

गाडीसाठी खरं तर १०० ते ११० बार आणि मिनिटाला ५ ते ६ लिटर एवढं भरपूर झालं. त्याहून जास्त दाब रंगावर वापरायचाच नसतो. १३० बारचा फायदा अंगणातल्या शेवाळाला होतो, बोनेटला नाही.

मोटरचे प्रकार दोन. पाच-आठ किलोच्या हलक्या यंत्रांत कार्बन ब्रशची (झिजणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून वीज घेणारी) युनिव्हर्सल मोटर असते. ती मिक्सरसारखी किंचाळते, लवकर तापते, सोसायटीत सकाळी सातला लावली तर वरून खिडक्या उघडतात. पण आठवड्याला एक गाडी आणि महिन्यातून एकदा अंगण एवढ्यासाठी ती योग्यच आहे. ब्रश बाहेरून बदलता येतात का आणि सलग किती मिनिटं चालवायची परवानगी आहे, हे पुस्तिकेत वाचून घ्या. स्वस्त यंत्रांना बहुधा वीस-तीस मिनिटांनंतर विश्रांती लागते. बिनब्रशच्या इंडक्शन मोटरचं यंत्र वीस किलोच्या आसपास जातं, आवाज जड आणि खालच्या पट्टीतला, किंमत सहज दुप्पट. घरात तीन-चार वाहनं असतील, ट्रॅक्टर किंवा गोठा धुवायचा असेल तरच ते घ्यावं. पंपाचं डोकं पितळी किंवा ॲल्युमिनियमचं असेल तर टिकतं जास्त, पण मोटर छोटी आणि पितळ मोठं अशी जाहिरात असेल तर पितळाचे पैसे देऊ नका.

पाण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त यंत्रं फसतात. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दर १० मीटर उंचीला जेमतेम १ बार दाबानं उतरतं. दुमजली बंगल्याच्या खालच्या नळाला पाऊण बार मिळाला तरी चालतो, प्रश्न दाबाचा नसून प्रवाहाचा असतो. घेण्याआधी नळ पूर्ण सोडून २० लिटरची बादली भरा आणि मोबाइलवर वेळ लावा. अडीच मिनिटांच्या आत भरली तर मिनिटाला ८ लिटर मिळतंय, ११० बारच्या वर्गातलं यंत्र निवांत चालेल. चार मिनिटं लागली तर नळाला जोडायचा विचार सोडा. यंत्र पाणी ओढायला बघेल, येणार नाही, पंपात हवा शिरेल, फवारा धाप लागल्यासारखा तुटक येईल आणि पंपाचे सील झिजतील.

अशा घरांनी ड्रममधून पाणी ओढणारं यंत्र घ्यावं. ‘सेल्फ प्रायमिंग’ (स्वतः पाणी ओढणारं) लिहिलंय एवढ्यावर समाधान मानू नका, सोबत गाळणी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न जाऊ देणारी झडप) असलेला सक्शन पाइप मिळतो का ते विचारा. बागेचा हिरवा मऊ पाइप इथे चालत नाही. ओढ बसली की तो चपटा होतो. आत जाळी किंवा स्प्रिंग असलेला पाइपच लागतो. ही यंत्रं पाणी साधारण अर्धा मीटर उंचीपर्यंतच वर ओढतात, त्यामुळे जमिनीतल्या टाकीत पाइप सोडून काम होणार नाही. उत्तम उपाय म्हणजे ड्रम कट्ट्यावर ठेवायचा, म्हणजे पाण्याची पातळी यंत्राच्या वर राहते. सक्शन पाइप अख्खा पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत धरा, मोकळ्या तोंडावर अंगठा दाबून बाहेर काढा आणि तसाच यंत्राला जोडा. बादली मात्र अपुरी पडते, २० लिटर तीन-साडेतीन मिनिटांत संपतात. १०० लिटरचा ड्रम असला की एक गाडी होते.

पाणी वाचतं का? उघड्या पाइपनं धुण्याच्या मानानं नक्की वाचतं, पाइप मिनिटाला १५ लिटर सहज सोडतो. पण दोन-तीन बादल्या आणि फडकं यांच्याशी तुलना केली तर बचत होत नाही. गनचा खटका एकूण दहा मिनिटं दाबला तरी ६० लिटर जातात. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीनं हे आधी लक्षात घ्यावं. बोअरचं पाणी जड असेल तर काळ्या गाडीवर पांढरे ठिपके उमटतात, त्यामुळे उन्हात वाळू न देता लगेच मायक्रोफायबरनं पुसायचं. आरओतून वाया जाणारं पाणी अंगणाला चांगलं, गाडीला नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. विदर्भात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. घरगुती यंत्रांना आत येणारं पाणी बहुधा ४० अंशांपर्यंतच चालतं आणि मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी त्यापुढे जातं. काम सकाळी उरका.

विजेचं थोडक्यात: १४०० वॅट म्हणजे ६ अँपिअर, सुरू होताना त्याहून जास्त. त्यामुळे १६ अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. एक्स्टेन्शन लागलंच तर तीन तारांची, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तापते. तिचा जोड ओल्या फरशीवर ठेवू नका.

यंत्रापासून गनपर्यंतच्या पाइपाच्या लांबीकडे कुणी बघत नाही. चार मीटरच्या हॅचबॅकला फेरी मारायची तर ३ मीटरच्या पाइपला यंत्र मागे ओढत न्यावं लागतं, ते उलटतं, इनलेटच्या (पाणी आत येण्याच्या तोंडाच्या) प्लॅस्टिक जोडावर ताण येतो आणि तिथेच चीर जाते. ५ मीटर किमान, ८ ते १० उत्तम. जास्तीचा पाइप वेगळा घेताना दोन्ही टोकं मापून घ्या. एम-२२ आट्याच्या जोडांत आतलं भोक १४ आणि १५ मिलिमीटर अशा दोन मापांचं येतं, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. माप चुकलं तर आटे बसतात, पण पाणी गळत राहतं.

गाडीवर वापरताना पंख्यासारखा पसरणारा २५ ते ४० अंशांचा फवारा आणि किमान ३० सेंटिमीटर अंतर. गोल फिरणारं नोझल, म्हणजे डर्ट ब्लास्टर, गाडीला कधीही लावू नका, टायरलाही नाही. बोनेट गार झाल्यावर सावलीत सुरुवात करा. चाकांच्या वरच्या पोकळीतला चिखल आधी काढा, कोकणातली लाल माती तिथे थरावर थर साचते. मग वरून खाली पाणी मारा, फोम लावा, तीन ते पाच मिनिटं थांबा, सुकू न देता धुवा. त्यानंतरही काचेवर बोट फिरवलं तर धुळीचा पातळ पडदा बोटाला लागतो. तो नुसत्या पाण्यानं निघत नाही, मऊ हातमोज्यानं एकदा हात फिरवावाच लागतो. फोमची बाटली वेगळी घेणार असाल तर आतलं छिद्र १.१ मिलिमीटरचं मागा. मोठ्या छिद्राची बाटली छोट्या यंत्रावर नुसतं साबणाचं पाणी सोडते. पुटी भरून रंगवलेला पत्रा, उडालेल्या रंगाची कड, स्टिकर, रेडिएटरच्या पातळ पट्ट्या, इंजिनचा भाग आणि दुचाकीची चेन व बेअरिंग इथून लांब राहा.

घरी शहाबादी आणि कोटा फरशीवर काम सुरेख होतं. शेवाळाचा हिरवा-काळा थर पट्ट्या-पट्ट्यांनी उचलला जातो, खालचा दगड उघडा पडतो. पेव्हर ब्लॉकमध्ये सांध्यातली रेती उडते, नंतर ती भरावी लागते. जांभा मात्र मऊ आणि सच्छिद्र, जवळून मारलं तर चिऱ्याचे कण सुटतात. मंगलोरी कौलांवर खालून वर मारू नका, पाणी घरात शिरतं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सोलर पॅनल आणि एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी यांच्यासाठी हे हत्यारच नाही. आणि अनवाणी किंवा सपाता घालून काम नको. जवळून बसलेला फवारा कातडीच्या आत पाणी घुसवतो, जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते, पण तिला तातडीनं दवाखाना लागतो.

दाब येत नाही अशी तक्रार असेल तर आधी लान्सचं, म्हणजे गनपुढच्या लांब नळीचं, टोक बघा, बऱ्याचदा ते साबणाच्या कमी दाबावर फिरवलेलं असतं. मग इनलेटची जाळी धुवा, नोझलमध्ये बारीक तार फिरवा. फवारा तुटक येत असेल तर ओढणाऱ्या बाजूला हवा शिरते आहे, क्लॅम्प आवळा. गन सोडलेली असतानाही मोटर मध्येच ‘टर्र’ करून चालू-बंद होत असेल तर कुठेतरी गळती आहे, बहुधा गनची ओ-रिंग किंवा आतला व्हॉल्व्ह. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? व्होल्टेज कमी असेल, नाहीतर पावसाळाभर पडून राहिल्यानं सील चिकटले असतील. इंडक्शनमध्ये कपॅसिटरही तपासावा.

हे टाळायचं तर क्रम पाळा. सुरू करताना नळ आधी, खटका दाबून हवा जाऊ द्या, पाण्याची सलग धार आली की मग बटण. बंद करताना बटण आधी, मग नळ, मग खटका दाबून उरलेला दाब सोडा. दाब तसाच ठेवून पाइप गुंडाळला तर सीलवर ताण राहतो. महिनाभर पडून असेल तर मध्ये एकदा मिनिटभर चालवा.

किमती सणासुदीला खाली-वर होतात, त्यामुळे हजार-पाचशेच्या फरकावर अडू नका. फ्लॅटचं पार्किंग असेल तर ११० बारचं, ड्रममधून ओढणारं, लांब पाइपचं यंत्र. अंगणवाल्या बंगल्याला १३० बार. पैसे देण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: दुरुस्ती घरी येऊन होते की यंत्र घेऊन जावं लागतं, गन आणि पाइप सुटे मिळतात का, आणि ब्रश व सील वॉरंटीत धरलेत का. तिसऱ्याचं उत्तर बिलावर लिहून घ्या.