नॉन-स्टॉप घ्यावं की एका थांब्याचं?

दोन शहरांमधलं हवाई अंतर शोधायचं, ताशी ८५०-९०० किलोमीटरने भागायचं आणि आलेला आकडा धरून तिकीट ठरवायचं, असं अनेक जण करतात. हिशेब तिथेच फसतो. ते अंतर पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरावा तसं, सर्वांत जवळच्या वाटेचं असतं. विमान त्याच वाटेने जाईलच असं नाही. हेलसिंकी ते टोकियो प्रवासाला पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे. २०२२ मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास जवळपास १३ तासांवर गेला. शहरं मात्र होती तिथेच आहेत. वाऱ्याचंही तसंच: लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास, परतताना सात, कारण उंचावरचा जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो.

आता थांब्याचा हिशेब करू. समजा, सरळ अंतर ६,००० किलोमीटर आहे आणि मधल्या शहरावरून ७,०००. जादा हजार किलोमीटरला जेमतेम सव्वा तास लागतो. पण पुन्हा उतरणं, पुन्हा उड्डाण, धावपट्टीपर्यंतची रांग आणि मध्ये तीन तासांची वाट पाहणं धरलं, की साडेसात तासांचा प्रवास बारावर जातो. म्हणजे जादा किलोमीटर फारसे नडत नाहीत, वेळ जातो तो थांब्यात. तरी थांबा फक्त तासाभराचा असेल तर मी त्यापासून दूरच राहीन. पहिलं विमान थोडं लांबलं तरी दुसरं हुकतं. दोन्ही उड्डाणं एकाच बुकिंगवर असतील, तर सहसा विमान कंपनीच पुढची सोय करते. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बहुधा बुडतात आणि सामानही मध्येच उतरवून पुन्हा द्यावं लागतं.

‘डायरेक्ट’ या शब्दावरही विसंबू नका. डायरेक्ट विमान एकाच क्रमांकाने मध्ये कुठेतरी उतरू शकतं. न थांबणारं ते नॉन-स्टॉप.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात. रात्री १० ला निघून सकाळी ६ ला पोहोचलात आणि ते शहर साडेतीन तास मागे असेल, तर प्रवास आठ नव्हे, साडेअकरा तासांचा झाला.

आठ-नऊ तासांपर्यंतच्या प्रवासाला, भाड्यातला फरक झेपत असेल, तर मी बिनदिक्कत नॉन-स्टॉप घ्यायला सांगेन. सिंगापूर-न्यूयॉर्कसारख्या १५,००० किलोमीटरहून लांब, अठरा-एकोणीस तासांच्या उड्डाणाला मात्र माझं मत बदलतं. सोबत वयस्कर माणूस असेल, बसून पाय सुजत असतील, तर मध्ये तीन-चार तास उतरून चालायला मिळणं फार मोलाचं आहे. पोहोचायला उशीर झाला तरी चालेल.