एचपीएलसीचा वीकेंड क्लास, जुळे सोलापूर: शिकवणं एक नंबर, मशीनला मात्र रांग

बीएस्सी केमिस्ट्री झालं आणि चिंचोली एमआयडीसीत क्यूसीच्या (मालाची गुणवत्ता तपासणी) इंटरव्ह्यूला गेलं की 'एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) हाताळलंय का' हे विचारतातच, आणि कॉलेजात आपण ते मशीन लांबूनच बघितलेलं असतं. म्हणून हा शनिवार-रविवारचा क्लास लावला. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार पण आहे.

शिकवणं खरंच भारी. त्स्वेट या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ ला पानांतले रंग खडूच्या पावडरीत वेगळे केले वगैरे इतिहास पाच मिनिटांत उरकला आणि सरांनी सरळ पॅरासिटॅमॉल-कॅफिनची गोळी हातात दिली. कुटायची, मेथनॉल-पाण्यात विरघळवायची, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायची आणि २० मायक्रोलिटर इंजेक्ट करायची. कॉलम म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, ती सी-१८, २५० बाय ४.६ एमएम, आत ५ मायक्रॉनचे सिलिकाचे कण आणि त्यांच्यावर अठरा कार्बनच्या साखळ्या. पॅरासिटॅमॉल त्या साखळ्यांकडे फारसं न थांबता मोबाईल फेजबरोबर (कॉलममधून वाहणारं मेथनॉल-पाणी) आधी बाहेर, कॅफिन रेंगाळत मागून. दोन पीक (स्क्रीनवरच्या आलेखातले उंचवटे) डोळ्यासमोर चढताना बघितले की रिटेन्शन टाइम (घटक बाहेर यायला लागणारा वेळ) पाठ करायची गरजच उरत नाही बघा. मग सरांनी मेथनॉल वाढवलं, तर दोन्ही पीक लवकर यायला लागले आणि एकमेकांवर चढले. गोळीत औषध किती मिलिग्रॅम आहे ते स्टँडर्डच्या (माहीत मात्रेचा नमुना) पीकच्या एरियाशी ताडून काढायचं, ते पण आमच्याकडूनच करून घेतलं.

बिघाडाचा तास तर पैसा वसूल. प्रेशर वरखाली नाचतंय म्हणजे पंपात हवा शिरली, पर्ज करा (द्रव जोरात सोडून हवा काढा). प्रेशर चढतच चाललंय म्हणजे बहुतेक फ्रिट (कॉलमच्या टोकाची बारीक जाळी) नाहीतर गार्ड कॉलम (मुख्य कॉलमच्या आधीची छोटी संरक्षक नळी) तुंबला. आणि फॉस्फेट बफर चालवल्यावर थेट शुद्ध मेथनॉल सोडायचं नाही, मीठ आतच बसतं. आधी जास्त पाणी-थोडं मेथनॉल, मग हळूहळू वाढवत न्यायचं. (कॉलमची किंमत ऐकली की हे कुणी विसरत नाही.)

आता तक्रार. मशीन एकच आणि बॅच ही एवढी मोठी, त्यामुळे एकजण इंजेक्शन मारणार आणि बाकीचे मान उंचावून बघणार. त्यात लाईट गेली, यूपीएसने दम तोडला आणि चालू रन वाया. टेलिंग (पीकला मागे शेपूट येणं), थिअरॉटिकल प्लेट्स (कॉलम किती चांगलं वेगळं करतो त्याचं माप) हे शेवटच्या रविवारी पळवलं, ऑडिट ट्रेलचा (कुणी कधी काय बदललं याची सॉफ्टवेअरमधली नोंद) तर विषयच नाही, आणि फार्मा क्यूसीत नेमकं तेच लागतं की ओ.

फी भरायच्या आधी मशीन स्वतःच्या हातात किती वेळ मिळणार ते विचारून घ्या. आणि घेतलाच तर सकाळची बॅच घ्या, एसी फक्त मशीनच्या खोलीत आहे, थिअरीचा हॉल पत्र्याखाली.