"बिल मंजूर आहे" या उत्तरात गेलेले दीड वर्ष

एका खासगी कंपनीसाठी मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे भाषांतर केले. काम तीन टप्प्यांत पाठवले, प्रत्येक टप्प्याची पोच ईमेलवर घेतली आणि एकूण १,८०,००० रुपयांची बिले दिली. त्यानंतर दीड वर्ष एकच उत्तर मिळत राहिले, "बिल मंजूर आहे, पुढच्या आठवड्यात पैसे निघतील." स्पष्ट नकार आला असता तर मी वेळीच सावध झाले असते. हे आश्वासन नेहमी फोनवर मिळे, लेखी कधीच नाही, आणि त्यामागचा हिशेब मला वकिलांनी समजावला: १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा दाव्याला तीन वर्षे असतात, मुदतीच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिल्यास ही मुदत नव्याने सुरू होते, पण तोंडी गोड बोलण्याने एक दिवसही वाढत नाही.

वकिलांनी सर्वप्रथम माझा फॉर्म २६एएस, म्हणजे माझ्या नावे जमा झालेल्या कराचा आयकर खात्याकडील तपशील, मागितला. कंपनीने तिन्ही बिलांवर १० टक्के टीडीएस (पैसे देण्याआधीच कापला जाणारा आयकर) कापून माझ्या नावे भरला होता; म्हणजे मला न मिळालेली फी तिच्या हिशेबात केव्हाच खर्ची पडली होती. हा कागद दीड वर्ष माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी तो केवळ विवरणपत्रापुरता पाहत होते!

वकिलांमार्फत पाठवलेल्या नोटिशीला उत्तर न आल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा संक्षिप्त दावा, दाखल केला. लेखी करारातील निश्चित रकमेसाठी असलेल्या या दाव्यात प्रतिवादीला समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचावासाठी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. कंपनीने ती मागताना भाषांतर निकृष्ट असल्याचे प्रथमच म्हटले. तिच्याच अधिकाऱ्याने ईमेलमध्ये केलेली प्रशंसा आम्ही जोडली होती. निम्मी रक्कम न्यायालयात भरण्याच्या अटीवर परवानगी मिळाली, आणि आठवड्याभरात तडजोडीचा निरोप आला.

टीडीएस वजा जाता १,६२,००० रुपये मिळाले, व्याज सोडावे लागले. काम घेण्यापूर्वी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली असती, तर २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता आले असते. तडजोड लोकअदालतीत नोंदवल्याने कोर्ट फी परत मिळाली. वकिलांची फी मात्र माझ्याच खिशातून गेली.