अप्पा बळवंत चौकातली लाँगबुक: नऊ महिने वापरल्यानंतर

मी इंग्रजी-मराठी अनुवाद करते, पुण्यात कर्वेनगरला, घरूनच. सात वर्षं झाली. एवढ्या काळात कामाचा मेळ बसावा म्हणून काय काय करून झालं! कामांची कार्डं इकडून तिकडे सरकवायचं ॲप झालं. सगळं एकाच जागी राहील म्हणणारं दुसरं झालं, त्याची मांडणी करण्यातच माझे दोन रविवार गेले. फ्रिजवरच्या पिवळ्या चिठ्ठ्याही झाल्या. गेल्या नोव्हेंबरात शेवटी वह्या-पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात गेले आणि २०० पानी एकरेघी लाँगबुक मागितली.

"ताई, नव्या वर्षाच्या डायऱ्या आल्यात, दाखवू का?"

"नको काका, लाँगबुकच द्या. जाड पुठ्ठ्याची."

"मुलांसाठी ना?"

"माझ्यासाठी."

डायरी मुद्दाम टाळली. डायरी रोज एक पान देते, मग त्या दिवशी काम असो वा नसो. माझ्याकडे एखाद्या मंगळवारी बारा बारीकसारीक गोष्टी असतात आणि पुढचे तीन दिवस एकाच यंत्राचं ९,००० शब्दांचं माहितीपुस्तक. लाँगबुकात मी आठवडा मांडते. डाव्या पानावर कामं, उजव्या पानावर पैसे. मागच्या बाजूने वही उलटी धरून फोनवर ठरलेल्या गोष्टी: दर, शब्दसंख्या, कोण काय म्हणालं ते तारखेसकट. ही मागची पानं पुढे दोनदा उपयोगी पडली. "एवढाच दर ठरला होता ना मॅडम?" असं विचारल्यावर मी तारीख सांगते, मग आवाज बदलतो.

आता मुख्य गोष्ट. सोमवारी सकाळी, चहा घेता घेता, मागच्या आठवड्यातलं उरलेलं काम नव्या पानावर उतरवून काढायचं, हाताने. ॲपमध्ये राहिलेलं काम आपोआप पुढच्या दिवसावर जाऊन बसतं आणि आपल्याला त्याचं काहीच वाटत नाही. इथे हात दुखतो. एका संस्थेला नमुना अनुवाद पाठवायचा, हे वाक्य मी ओळीने पाच सोमवार लिहिलं. सहाव्या सोमवारी पेन उचललं आणि स्वतःचीच लाज वाटली. ते काम मला करायचंच नव्हतं, पैसे कमी होते आणि विषय रटाळ. त्याच सकाळी फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या एका फोनसाठी महिनाभर मी रोज थोडी थोडी अपराधी होते.

उजव्या पानावर पाच रकाने: बिल दिलं ती तारीख, रक्कम, टीडीएस (क्लायंट बिलातून कापून माझ्या नावावर सरकारकडे भरतो तो कर), हातात आले ते, आणि बाकी. याची खरी कमाई जूनमध्ये कळली. फेब्रुवारीतलं १८,४०० चं एक बिल, १० टक्के टीडीएस म्हणजे १,८४० कापून १६,५६० खात्यात आलेले. बँकेच्या बाजूने सगळं ठीक. जानेवारी ते मार्च या तिमाहीचं टीडीएस विवरण क्लायंटने ३१ मेपर्यंत भरायचं असतं, म्हणून जूनमध्ये २६एएस, म्हणजे माझ्या नावावर जमा झालेला कर दाखवणारं आयकर खात्याचं पत्रक, उघडून वहीतल्या रकान्याशी ओळीने ताडून पाहिलं. हे १,८४० तिथे नव्हतेच. त्यांच्या अकाउंट्समध्ये माझ्या पॅनमधला एक अंक चुकला होता. त्यांनी दुरुस्ती केली, रक्कम दिसू लागली. वही नसती तर एवढी बारीक रक्कम माझ्या लक्षात येणं शक्यच नव्हतं.

तक्रारीही आहेत. वही हाक मारत नाही. ॲडव्हान्स टॅक्सच्या, म्हणजे वर्ष संपायच्या आत हप्त्यांनी भरायच्या आयकराच्या, चारही तारखा, १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च, मी पुठ्ठ्याच्या आत ठळक लिहून ठेवल्या होत्या आणि जूनचा हप्ता तरीही चुकला, कारण पुठ्ठ्याच्या आत बघतं कोण? आता त्या चार तारखा आणि डेडलाइन्स तेवढ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये आहेत. शोधाशोधही वैताग आणते. "तो दवाखान्याच्या माहितीपत्रकाचा दर किती लावला होता" हे बघायला पंधरा पानं चाळावी लागतात. महिन्याच्या बेरजा मी अजूनही गूगल शीटमध्येच करते, तिथे हाताने करण्यात मला काही पुण्य दिसत नाही.

आणि पाऊस. जुलैत वही गाडीच्या डिकीत ठेवून म्हात्रे पुलावरून येताना जी सर आली, तिने एप्रिलची चार पानं निळी करून टाकली. मी जेल पेन वापरत होते. आकडे वाचता येत होते, पण तीनचा आठ झाला की काय अशी शंका राहिलीच, मग बँकेच्या नोंदी काढून पुन्हा लिहिले. तेव्हापासून साधं बॉलपेन, आणि वही दुधाच्या पिशवीत. दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, हे सांगायला नको.

गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट गेली की लॅपटॉप दोन तासांत मान टाकतो. तेव्हा खिडकीत बसून बिलांचे फोन होतात. "मॅडम, ते अकाउंट्सकडे पाठवलंय" हे उत्तर मी आता तारखेसकट शब्दशः लिहून ठेवते. पुढच्या फोनला तेच वाचून दाखवलं की माणूस जरा चपापतो. एका क्लायंटच्या नावापुढे ते वाक्य चार वेळा आहे.

एकापेक्षा जास्त माणसं मिळून काम करत असतील तर ही पद्धत उपयोगाची नाही. माझी वही माझ्या नवऱ्यालाही वाचता येत नाही.

पुढून आणि मागून लिहीत आल्यामुळे आता मधे जेमतेम अकरा पानं उरलीत. नदीकाठी संध्याकाळी ढोलांचा सराव सुरू झालाय, म्हणजे गणपतीत रस्ते बंद व्हायच्या आत चौकात एक चक्कर मारायला हवी. या वेळी शिवलेल्या बांधणीची घेणार, हिची मधली पानं सुटायला लागलीत. त्या चार वेळावाल्या क्लायंटचे ७,२०० रुपये तेवढे नव्या वहीच्या पहिल्या पानावर न्यावे लागणार असं दिसतंय.