शेतकरी आठवडे बाजारातली भाजी: दिवाळीपासून आखाजीपर्यंतचा अनुभव

दिवाळीनंतर आम्ही घरची बहुतेक भाजी शेतकरी आठवडे बाजारातून आणायला लागलो. आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. थंडीतला भरपूर माल पाहून झाला, फाल्गुन-चैत्रातला पालट पाहिला आणि जळगावचं ऊनही सुरू झालं. त्यामुळे आता ठामपणे सांगते: स्वस्त मिळेल म्हणून जाणार असाल तर फार फरक पडणार नाही. ताज्या भाजीसाठी जाणार असाल तर जराही विचार करू नका, जा.

२०१६ साली राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि शेतकऱ्याला शहरात थेट विकणं सोपं झालं. मधले हात कमी होतात, पण ते वाचलेले पैसे सगळे आपल्याच पिशवीत यावेत ही अपेक्षा मला पटत नाही. पहाटेची तोडणी, गाडीभाडं, अर्धा दिवस बसून राहणं हे सगळं त्यालाच करावं लागतं. जुडीमागे भावात घासाघीस मी करत नाही.

खरा फरक कळला तो भरताच्या वांग्यात. भौगोलिक मानांकन मिळालेलं आपलं हे वांगं मंडईतही मिळतं, पण पहाटे तोडलेलं आणि दोन दिवस पडून राहिलेलं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ताज्या वांग्याचा देठ हिरवागार असतो, काटे बोटाला टोचतात, फिकट हिरवी साल चकचकते. आकाराच्या मानानं हाताला हलकं लागलं तर घ्या, आत बिया कमी निघतात. भाजल्यावर साल अख्खी सुटते आणि गर लोण्यासारखा होतो. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांवर भाजलं तर उत्तमच, पण गॅसवरही चव कळते. वर कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी.

थंडी ओसरल्यावर वांगी आणणाऱ्या ताईंनी स्वतःच हात धरला. “ताई, आते येनं भरीत नको करू, बिया व्हई गयात.” विकायला बसलेलं माणूस आपणहून नको म्हणतं, याचं मला फार मोल वाटतं. त्या दिवशी त्यांनी शेवग्याच्या शेंगा दिल्या.

फाल्गुनात बाजाराचं रूपच पालटतं. हरभऱ्याचे ओले घाटे थोडेच दिवस मिळतात, दिसले की घ्यायचे. मेथी मागे पडते, पोकळा, गवार, काकडी, गिलकी (घोसाळी) येतात. गिलकी बोटानं हलकेच दाबून पाहावीत, आत पोकळ किंवा जाळीदार लागली तर भज्यांना उपयोग नाही. टरबूज आम्ही इथूनच घेतो. नवी दादर आली तेव्हा वर्षाची ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडूनच भरली. भाकरी पांढरीशुभ्र आणि गोडसर होते, घरात सगळे खूश आहेत.

केळीच्या बाबतीत मात्र थोडं जपून. रावेर-यावलची केळी ट्रक भरभरून बाहेर जाते, आणि पिकलेलं म्हणून समोर येतं ते कसं पिकवलंय हे डोळ्यांना दिसत नाही. कार्बाइडनं फळं पिकवायला बंदी आहे, नियमात राहून इथिलीन वायू वापरता येतो. मी कच्ची फणी आणून घरी गोणपाटात पिकवते. दोन-चार दिवस जास्त लागतात, पण खात्री राहते.

तक्रारी दोन. पहिली सावलीची. मार्चपासून नऊ वाजताच पालेभाजी माना टाकते. ओल्या गोणपाटाखाली ती किती तग धरणार? बाजार भरवणाऱ्यांनी निदान हिरवी जाळी तरी बांधावी, शेतकऱ्यांचं नुकसान डोळ्यांदेखत होतं. उन्हाळ्यात सातच्या आत पोचलात तरच पालेभाजी घ्या.

दुसरी तक्रार घुसलेल्या व्यापाऱ्यांची. बटाटे, फ्लॉवर आणि सफरचंद एकाच गोणपाटावर दिसले तर तो माल मंडईतून उचललेला आहे, शेतातला नव्हे. खऱ्या शेतकऱ्याकडे बहुधा दोन-तीनच जिनसा असतात. “पुढच्या आठवड्यात काय निघेल?” एवढं विचारा. ज्याचं शेत आहे तो लगेच सांगतो, वर पाणी कमी पडतंय की कीड लागलीय तेही सांगतो. कांदे-बटाट्यांसाठी मी इथे येत नाही, ते कुठूनही घेतले तरी चालतात.

आखाजीच्या रसाचा आंबा इथे शोधू नका. आपल्याकडचा गावरान आंबा त्यानंतर येतो, तोवर रसासाठी बाहेरगावचाच घ्यावा लागतो. कैरी मात्र आत्ता छान येतेय, कडक आणि आंबट. कैरी-कांद्याच्या तक्कूसाठी याच आठवड्यात घेऊन टाका.